पाणी पिऊन बसलेले साहेब

"हे मला नका सांगू," म्हणत ते समोरच्याचं बोलणं तळहातानं अडवायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा निवृत्त साहेब असेलच. आमचे साहेब जबलपुरातल्याच गोरखपूर भागातले. प्रोस्टेटच्या कॅन्सरवर किरणोपचार घ्यायला शहरातल्या ज्या इस्पितळात ते येत, तिथं मशीन चालवणं माझं काम.

पहिल्या दिवशी मी समजावलं, "काका, पोट साफ करून येत जा. इथं आलं की पाणी प्या आणि लघवी धरून ठेवा. मूत्राशय भरलेलं असलं की त्याचा बराच भाग आणि आतडी किरणांच्या वाटेतून सरकतात. चांगल्या भागाला इजा कमी होते."

"हे मला नका सांगू. जिंदगीभर मीटिंगा केल्या. धरून ठेवणं जमते आपल्याला."

मशीनच्या चित्रात मूत्राशय जेमतेम अर्धं भरलेलं दिसलं. मी त्यांना पुन्हा पाणी प्यायला बाहेर पाठवलं, तर म्हणाले, "मशीन चुकून राहिली."

पुढं ते नियमाचे पक्के झाले, विशेषतः इतरांच्या बाबतीत. बाकावर सगळे पुरुष मांड्या आवळून छताकडे बघत बसलेले असायचे, आणि साहेब कचेरीची तपासणी करावी तसे त्यांच्या बाटल्या तपासत फिरायचे. "चाय नहीं गिनी जाएगी, भैया." शेजारीपाजारी मात्र त्यांनी कंबरदुखी सांगितली होती. प्रोस्टेट हा त्यांच्या मते हुद्द्याला न शोभणारा आजार होता.

एकदा मशीन मध्येच बंद पडलं. चालू व्हायला वेळ लागला, आणि बरगी धरणाकडच्या एका मासेमाराला टेबलावरच लघवी झाली. मी चादर बदलली, धीर दिला. पण तो ओल्या धोतरानं बाहेर आला आणि कुणाकडे न बघता पिशवी उचलून म्हणाला, "अब नहीं आएँगे."

मला वाटलं, साहेब आता शिस्तीवर बोलणार.

"बैठो," ते म्हणाले. "मेरा तो दो बार हो चुका है. पूछ लो इस बिटिया से."

त्यांचं तसं कधीच झालं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"हाँ," मी म्हणाले. "बाबूजी का भी हुआ है."

मासेमार क्षणभर उभा राहिला, मग पिशवी मांडीवर घेऊन साहेबांशेजारी बसला. जाताना साहेब माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "फाइलीत काहून लिहायचं? तोंडीच राहू द्या."

त्यांचे उपचार संपले आणि ते कुणाचाही निरोप न घेता गेले. साहेबलोक तसेच जातात. मासेमाराचे अजून चालू होते. परवा एक नवा पेशंट घाबरून बाटली हातात धरून बसला होता. मासेमारानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"डरो मत," तो म्हणाला. "यहाँ एक बड़े साहब आते थे. उनका तो रोज़ हो जाता था."