त्याच हॉस्पिटलमध्ये जन्मलेल्या दोन बहिणी

मंडळी, पुण्याची सुट्टी संपवून आज सकाळी फ्रँकफर्टला उतरलो. पासपोर्ट तपासणाऱ्या बाई आमचे चार पासपोर्ट आणि माझ्या कडेवरची धाकटी बघून हसल्या. "तिघे भारतीय आणि हे पिल्लू जर्मन!"

आमची सात वर्षांची ईरा लगेच जर्मनमध्ये म्हणाली, "पण मीसुद्धा कोलोनमध्येच जन्मले. त्याच हॉस्पिटलमध्ये."

बाईंनी पासपोर्ट परत दिले.

जर्मन नागरिकत्वासाठी इथे नुसतं जन्मून भागत नाही. आईबाबांपैकी एकाची तरी इथे ठरावीक वर्षं भरलेली असावी लागतात. ईराच्या वेळी आमची भरली नव्हती, धाकटीच्या वेळी भरली होती. या कायद्यावर मी एरवी तावातावाने वाद घालते. पण बॅगांची वाट बघताना ईराने विचारलं, "आई, माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही गं. तू झालीस तेव्हा आम्हीच नवे होतो. इथे आमचं कोणीच नव्हतं."

"तर मग" म्हणायच्या तिच्या जर्मन सवयीने ती म्हणाली, "आल्झो, मग मी वेळेवरच आले की!"

मी तिला जवळ घेतलं. आमची बॅग समोरून निघून गेली, तरी सोडवेना.

तुमच्याही घरी असे दोन रंगांचे पासपोर्ट असतील, तर थोरल्याला तुम्ही काय सांगता?