सारजाचा उजवा हात

सारजाचा हात मला पहिल्यांदा पांढरा दिसला, तेव्हा मला वाटलं पावडरच आहे. चढाईच्या भिंतीवर चढणारी माणसं घाम टिपायला बोटांना पांढरी पावडर फासतात. पण तिनं नळाखाली हात धुतला, टी-शर्टला पुसला, तरी उजव्या हाताची बोटं तशीच, मेणासारखी. "गार पडलाय बघ," असं म्हणून तिनं तो माझ्या गालाला लावला. मी दचकले. एप्रिल महिना होता आणि बारामतीत डांबर चपलेला चिकटत होतं.

मी सुप्रिया, मूळची बावड्याची. बारामतीत औषधांच्या दुकानात काम करते आणि संध्याकाळी सारजाचा दोर धरते. वर चढणाऱ्याचा दोर खालून कुणीतरी धरावाच लागतो. त्यामुळे सारजाला मी नेहमी खालून पाहिलेलं आहे : घोटे, पोटऱ्या, आणि पुढं झेपावलेले हात.

ती कऱ्हाटीची. तिचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. वडील दत्तोबा, म्हणजे तात्या, ऊस करतात. सारजा लोणी भापकरच्या शाळेत खेळ शिकवते. कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर किल्ल्यांवर जाता जाता तिला कड्यांचं वेड लागलं. बारामतीत एका व्यायामशाळेनं मागच्या बाजूला चढाईची भिंत उभी केली, तेव्हा पहिल्या आठवड्यात नाव घालणारी ही एकटीच बाई. घरी मात्र 'व्यायामाला जाते' एवढंच ठाऊक होतं.

तिची अडचण एकच. भिंतीच्या वरच्या टप्प्यात उजवा हात दगा द्यायचा. कोपरापुढचा हात फुगून दगडासारखा व्हायचा, बोटं आपोआप उघडायची आणि ती दोरावर लोंबकळायची. डावखुरी असती तर एक वेळ समजलं असतं. भिंतीवर चढाई शिकवणारे आमचे इंद्रजित सर म्हणायचे, "पकड कमी पडतीय. अजून लटक." ती लटकायची. दाराच्या चौकटीला, शाळेतल्या झोपाळ्याच्या दांडीला, जिथं मिळेल तिथं.

त्यातच पुण्याहून सुकन्या नावाची मुलगी आली. खेळाडूंच्या शरीरावर तिचा अभ्यास चालला होता. तिच्याकडं काड्यापेटीएवढं यंत्र होतं. ते मनगट आणि कोपराच्या मधल्या स्नायूवर पट्ट्यानं बांधायचं. ते कातडीतून उजेड आत सोडतं आणि स्नायूत किती प्राणवायू शिल्लक आहे ते पडद्यावर रेघ काढून दाखवतं. मूठ घट्ट आवळली की स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो, ताजं रक्त येत नाही आणि रेघ खाली येते. मूठ सोडली की वर चढते. दीड महिना नेमानं पकडीचा सराव केला, तर ती रेघ लवकर वर येते का, हे तिला बघायचं होतं. आमच्यातले काही जण तयार झाले. सारजा सगळ्यांच्या पुढं.

दीड महिन्यानं पुन्हा मोजणी झाली. बाकी सगळ्यांची रेघ आधीपेक्षा भराभर वर आली. सारजाच्या डाव्या हाताचीही आली. सर खूश होते. मग उजवा हात.

रेघ खाली गेली आणि खालीच राहिली. सारजानं मूठ कधीच सोडली होती. आम्ही सगळे पडद्याकडं बघत होतो. बऱ्याच वेळानं ती सरपटत वर आली, तीसुद्धा अर्धीच.

"यंत्र बिघडलंय," सर म्हणाले.

सुकन्यानं तेच यंत्र डाव्या हाताला बांधलं. रेघ झटक्यात वर. पुन्हा उजव्याला बांधलं. पुन्हा तेच.

"सराव करून हात आणखी बिघडला?" सारजाचा आवाज चढला. "मी काय कमी कष्ट घेतलं व्हय?"

"ताई, काही धरू नका. नुसता हात वर करा," सुकन्या म्हणाली.

सारजानं वर्गात मूल करतं तसा हात वर केला. तिनं काहीही धरलं नव्हतं, मूठसुद्धा उघडी होती. तरी रेघ घसरायला लागली. सरांनी पुढं होऊन तिचं मनगट धरलं, बोटं इकडं तिकडं सरकवली. त्यांचा चेहरा उतरला.

"नाडी लागत न्हाय," ते म्हणाले.

मी धरून पाहिलं. खरंच लागत नव्हती. हसत्या बोलत्या बाईच्या हातात नाडी नाही! सारजानं हात खाली घेतला तशी माझ्या बोटाखाली हळूच टकटक सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरांकडं नेलं. फोटो काढला, रक्तवाहिन्यांची तपासणी झाली. तात्यांना बोलावून घेतलं होतं. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. मानेच्या तळाशी उजव्या बाजूला एक जादाची बरगडी होती. जन्मापासूनची. हात वर केला की तिच्यावर हाताची मुख्य रक्तवाहिनी दाबली जायची. वर्षानुवर्षं घासून तिथं आतून गुठळी धरली होती आणि तिचे बारीक कण बोटांकडं वाहत होते.

"असंच लटकत राहिल्या असत्या," डॉक्टर म्हणाले, "तर बोटं गमवायची वेळ आली असती. हातही."

सारजा आपल्या बोटांकडं बघत होती, जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

"बरगडी जास्त?" तात्या शेवटी म्हणाले. "आमच्यात असलं कुणाला न्हाय."

डॉक्टरांनी त्यांचाही फोटो काढायला लावला. तात्यांना दोन्ही बाजूंना होत्या. एवढं आयुष्य गेलं आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. ते बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी आपली मान चाचपत राहिले.

पुण्यात ऑपरेशन झालं. बरगडी काढली, रक्तवाहिनी दुरुस्त केली. जिच्यासाठी ती एवढी लटकत होती, ती चढाईची राज्यस्पर्धा हुकली. सारजा कितीतरी दिवस वेणी घालायलाही हात वर करेना. शाळेत कवायत घेताना डाव्याच हातानं खुणा करायची. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही ती भिंतीकडं फिरकली नाही. सुकन्यानं दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी ती आली. तात्या बरोबर होते. एकटीला सोडायला त्यांचा जीव धजत नव्हता. तिनं पट्टे बांधले, दोराची गाठ मारली, मला म्हणाली, "घट्ट धर." पहिल्या खाचेला उजवा हात लावताना ती बराच वेळ थांबली. मग चढली. सावकाश, एकेक खाच चाचपत. निम्म्यावर गेल्यावर तिनं उजवा हात सोडून झटकला, बोटं डोळ्यांपुढं धरली. गुलाबी होती. वरून मोठ्यानं हसली.

तात्या माझ्या शेजारी तोंड उघडं टाकून वर बघत होते.

"सुप्रिया," ते म्हणाले, "व्यायाम म्हणून ही पोरगी रोज हे करती?"

"व्हय तात्या."

"आरं देवा!" म्हणत ते खाली मॅटवरच बसले.