पणकाका

रविवारी सकाळी टीव्हीसमोर आळीतली पंधरा-वीस पोरं बसलेली असत. पडद्यावरचा वीर संकटातून सुटला रे सुटला, की मागच्या आरामखुर्चीतून आवाज यायचा, "पण..."

"काका, नको ना!" पोरं एका सुरात ओरडायची.

काका थांबत नसत. "पण मागल्या रविवारी ह्याने डोंगर उचललान. आज साध्या सुंभाने बांधलाय तर सुटता येत नाही?"

पोरांनीच त्यांचं नाव पणकाका ठेवलं. रत्नागिरीत बँकेत नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या घरी भाड्याने राहायला गेले. मी साताऱ्याकडची, त्यामुळे त्यांचं ते हेल काढून "पऽण" म्हणणं मला पहिल्यांदा गाणंच वाटलं होतं. दुसऱ्या ग्रहावरून आलेल्या निळ्या अंगरख्याच्या त्या वीराची मालिका तेव्हा सगळ्या गावाला वेड लावून होती. काकांना ती मनापासून आवडायची. रविवारी आठलाच आंघोळ उरकून ते खुर्चीत बसलेले असत.

कोर्टात शिरस्तेदार म्हणून त्यांची हयात गेली होती. साक्षी ऐकून ऐकून कान तयार झालेले. "खोटा साक्षीदार पहिल्या प्रश्नाला सापडत नाही," ते म्हणायचे. "त्याला बोलू द्यायचं. तो आपल्याच आधीच्या बोलण्यावर अडखळतो." मालिकेलाही ते हाच न्याय लावत. माणूस उडतो, अदृश्य होतो, काळात मागे जातो, याला त्यांची हरकत नव्हती. "चमत्कार करा हो, खुशाल करा. पण एकदा नियम केलात की तो पाळा. काळात मागे जाऊन चोर धरता येतो, तर मग चोरी होऊच का दिलीत?"

यावर सगळ्यात मोठ्याने हसायचा तो विनू, त्यांचा एकुलता एक मुलगा. तो मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा आणि कधीकधी बोटीबरोबर समुद्रातही जायचा. "बाबा, तुम्हाला त्या मालिकेत वकील म्हणून घ्यायला हवं," तो म्हणायचा. काकू आतून ओरडायच्या, "मेल्यांनो, खाणं थंड होतंय." असं ते घर होतं.

त्या वर्षीचा दसरा आम्ही चौघांनी एकत्र केला. विनूने श्रीखंड तीनदा मागून घेतलं. नंतर चार दिवसांनी तो बोटीबरोबर गेला. वादळ आलं. बोटीवरच्या दोघांची प्रेतं वर जयगडच्या बाजूला लागली. बाकीच्यांचं काहीच मिळालं नाही. विनू त्या बाकीच्यांत होता.

टीव्हीवर कापड पडलं. दोनेक महिन्यांनी काकूंनीच ते काढलं. "पोरांना येऊ दे," त्या म्हणाल्या, "घर खायला उठतंय."

पोरं आली, पण पायरीपाशीच बसली. नेमका त्या रविवारी मालिकेतला वीराचा मित्र परत आला. मागे कधीतरी तो कड्यावरून समुद्रात पडून मेला होता. आता दार उघडून हसत आत आला, अंगावरचे कपडेसुद्धा तेच. पोरांनी टाळ्या पिटल्या आणि मग एकदम काकांकडे बघितलं.

काका उठले. "कसा आला?" त्यांनी पडद्यालाच विचारलं. "ते सांगायला नको? एकाला परत आणलात तर बाकीच्यांच्या आयांना काय सांगायचं?" आणि त्यांनी बटण बंद केलं. पोरं चपला शोधत निघून गेली. टीव्ही पुन्हा लागला नाही.

संक्रांत झाल्यावर काकूंचा मावसभाऊ आला. मुंबईला गोदीत कामाला असायचा. पाणीही न पिता म्हणाला, "ताई, मी विनूला बघितलंय."

काकूंच्या हातातलं सूप खाली पडलं.

"ससून डॉकवर. दाढी वाढलेली. मी हाक मारली तर वळून हसला, आणि गर्दीत कुठे गेला कळलंच नाही. तोच होता गो. सगळ्या बोटींना झेंडूच्या माळा होत्या, दसराच होता ना त्या दिवशी!"

मी काकांकडे बघितलं. दसऱ्याच्या दिवशी विनू आमच्या पंगतीला होता. तो माणूस लबाड नव्हता. बहिणीला काहीतरी द्यावं म्हणून आला होता, आणि मुंबईत कोणाला तरी बघून त्याला स्वतःलाही ते खरं वाटलं असावं. पण काकांच्या पुढे ही साक्ष एक क्षण टिकली नसती.

काकांचे ओठ हलले. त्यांनी काकूंच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाले, "चहा घेशील ना रे?"

दुसऱ्या दिवशी ते एसटीची दोन तिकिटं घेऊन आले. काकूंनी विनूला आवडायचे म्हणून बेसनाचे लाडू बांधून घेतले. आठवडाभर दोघं मुंबईत होती. धक्क्यावर, खलाशांच्या खोल्यांतून, इस्पितळांतून फिरली. परत आली तेव्हा लाडवांचा डबा तसाच होता. तो काकूंनी माझ्यासमोर ओट्यावर ठेवला.

काका पाय धुऊन स्वयंपाकघरात आले. काकू त्यांना म्हणाल्या, "त्या टीव्हीतल्या माणसाला तुम्ही कधी सोडलं नाहीत. आणि माझ्या भावाला चहा विचारलात. मला तेव्हाच कळलं."

काका दारातच उभे राहिले. "मग आलीस कशाला?"

"तुम्ही तिकिटं आणलीत म्हणून."

काका पाटावर बसले. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काकू रडल्या नाहीत. त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

माझी बदली झाली ती त्याच उन्हाळ्यात. त्या दोघांमागे आता कोणी नाही आणि ते घरही दुसऱ्याचं झालं, असं नंतर कानावर आलं. बँकेत माणूस माझ्यासमोर बसून काही सांगू लागला की त्यातली चूक मला अजून पटकन दिसते. ती दाखवण्याआधी मी त्याच्या तोंडाकडे बघते. हे काकांनी मला शिकवलं नव्हतं, पण मी ते त्यांच्याकडूनच घेतलं.

रत्नागिरी सोडण्याआधी मी भाट्याच्या किनाऱ्यावर काका-काकूंबरोबर गेले होते. देह मिळाला नाही की दर्भाची प्रतिमा करून तिला अग्नी देतात. बायकांनी यायचं नसतं, असं भटजी म्हणाले. काकूंनी ऐकलं नाही. काकांनी अग्नी दिला. दर्भ तो केवढासा, लगेच जळून गेला. भटजींची आवराआवर चालली होती. काकू पाण्याकडे बघत उभ्या होत्या.

"अहो," त्यांनी विचारलं, "पाणी गार असेल का हो त्या वेळी?"

"नाही," काका म्हणाले. "दसऱ्यानंतर समुद्राचं पाणी कोमट असतं."

काकूंनी मान हलवली. पुढे काही विचारलं नाही.