सात लिहिले, सहा ऐकले

"'मजुराचा निष्काळजीपणा', एवढे दोन शब्द टाका आणि सही करून द्या," डेप्युटी साहेब म्हणाले. "दुपारच्या टपालात रिपोर्ट गेला पाहिजे."

मी पेन उघडून बसलो होतो. समोर कोरा कागद, खाली कार्बन. विहिरीवर स्फोट होऊन तिसरा दिवस होता. ड्रिल चालवणारा हणमंतू लातूरच्या दवाखान्यात पडून होता. त्याचा उजवा डोळा गेला होता आणि डाव्या हाताची तीन बोटं.

"साहेब, उद्या सकाळी देतो," मी म्हणालो.

"उद्या का?"

"एकदा साइट बघून येतो."

साइटवर बघण्यासारखं काही नव्हतं. काय झालं ते मला पक्कं माहीत होतं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. माणूस वाईट नव्हता. माझी नोकरी नवी आहे, ती जाऊ नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. आमचं ऑफिस भाड्याच्या इमारतीत होतं. अर्ध्या फाइली अजून उस्मानाबादहून यायच्या होत्या. कपाटं नव्हती, म्हणून रजिस्टरं भिंतीला लावून रचलेली. त्यात पाऊस सलग हुकलेला. उदगीरच्या बाजूच्या गावांत विहिरी तळाला गेल्या होत्या आणि त्या खोल करायचं काम आमच्या खात्याकडं होतं. मी ज्युनिअर इंजिनिअर. माझ्याकडं सोळा विहिरी आणि दोघा इंजिनिअरांत मिळून एक जीप.

विहीर खोल करायची म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आमच्याकडं माती थोडी आणि खाली काळा पाषाण. कुदळ चालत नाही. ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या ड्रिलनं खडकात भोकं पाडतात. त्यात दारूच्या कांड्या भरतात, वात लावतात आणि सगळे वर येऊन लांब जातात. मग एकेक सुरुंग उडतो. उडताना आवाज मोजायचे, हा पहिला नियम. भोकं सात असतील तर आवाज सात यायला हवेत. एक जरी कमी आला तरी एक सुरुंग खाली जिवंत आहे असं धरायचं, विहीर बंद करायची आणि सुरुंगवाल्याला बोलावून तो शोधायचा. खाली दगडाचा ढीग झालेला असतो. जिवंत कांडी त्याखाली दिसत नाही. तिच्याजवळ ड्रिल टेकलं की संपलं.

मोजलेला आकडा रजिस्टरमध्ये लिहून सही करायची, ते काम माझं होतं.

त्या दिवशी भोकं सात होती. मी सहा आवाज ऐकले. शेवटचा आवाज जरा मोठा वाटला. कधीकधी दोन सुरुंग एकदम उडतात आणि कानाला एकच ऐकू येतो. तसंच झालं असेल, असं मी मनाशी म्हणालो. सुरुंगवाला सामान बांधून दुसऱ्या गावाला निघून गेला होता. जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. पुढच्या गावात बाया घागरी घेऊन सकाळपासून विहिरीवर बसल्या होत्या आणि तिथं काम कधी सुरू होणार ते मला सांगायचं होतं. मी बॉनेटवर रजिस्टर ठेवलं, 'सात' लिहिलं, सही केली, ते मुकादमाच्या हातात दिलं आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतू खाली उतरला.

साहेबांना साइटवर जातो म्हणून सांगितलं, पण मी दवाखान्यात गेलो. तीन दिवसांत ही माझी पाचवी खेप. जाताना मोसंबी घेतली. आदल्या दिवशी रक्त दिलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी घरची चादर नेऊन दिली होती.

हणमंतू वडार समाजातला. दगडाचं काम त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. चेहऱ्याला पट्ट्या होत्या आणि तो डोळा मिटून पडला होता. त्याची बायको नरसम्मा कॉटच्या पायथ्याशी बसली होती. घरी ही माणसं तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी.

"साहेब, लोकं म्हनून राहिलेत की ह्यानं न बघता डिरील घातलं," ती म्हणाली. "खोटं हाय ते. उतरायच्या आधी ह्यानं मुकादमाला इचारलं हुतं, सगळे उडाले का म्हनून. मुकादमानं वही दाखवली. सात लिवलं हुतं. तवा उतरला ह्यो."

मी मोसंब्यांची पिशवी खाली ठेवली आणि व्हरांड्यात येऊन बाकावर बसलो.

वॉर्डाच्या सिस्टर शांताबाई तिथंच टेबलावर बँडेजच्या पट्ट्या गुंडाळत होत्या. रिटायरमेंटला आलेल्या, अंगानं किरकोळ. दोन दिवस मला येता-जाता बघत होत्या.

"तुम्ही त्याचे कोण?" त्यांनी विचारलं.

"इंजिनिअर. विहीर माझ्याकडं आहे."

"इंजिनिअर लोक एकदा येऊन जातात. तुम्ही दिवसातून दोनदा येता. फळं काय, रक्त काय. कशापायी करून राहिलात हे?"

ते टाळून मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. उदगीर म्हटल्यावर त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. "मिशन शाळेतल्या मास्तरांचा लेक का तू? मी शिकले तुझ्या वडलांकडं."

आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. रविवारी चर्च, नाताळला नवे कपडे, जेवणाआधी प्रार्थना. पण खरं सांगायचं तर येशूशी माझा संबंध शाळेच्या दाखल्यावरच्या नोंदीइतकाच होता. नोकरी लागल्यावर तोही फारसा राहिला नव्हता.

का कोण जाणे, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. सहा आवाज, बॉनेटवरचं रजिस्टर, साहेबांचे दोन शब्द. सांगताना एकदाही त्यांच्याकडं पाहिलं नाही.

त्यांनी शेवटी विचारलं, "प्रार्थना केलीस का?"

"कोणत्या तोंडानं करू? आधी हे निस्तरतो. मग बघू."

"निस्तरून कोण गेलंय रे त्याच्यापाशी? माझ्या वॉर्डात माणूस जखम धुऊन येतो का? रक्तानं भरलेला येतो. धुवायचं काम आमचं. येशू थकलेल्यांना विसावा द्यायला बोलावतो, ते ओझ्यासकट बोलावतो. ओझं खाली ठेवून या, असं म्हणत नाही."

"पण त्याचा डोळा गेला, सिस्टर."

"गेला. तो तुला देता यायचा नाही. जन्मभर मोसंबी आणलीस तरी यायचा नाही." त्या सरळ बोलत होत्या, धीर देण्याचा आवाज नव्हता. "माणसाच्यानं भरून निघत न्हाई, म्हणून तर तो क्रुसावर गेला. हे तुला लहानपणापासून पाठ हाय. पर ते तुझ्यासाठी हाय, असं तुला कधी वाटलं न्हाई."

मग, आता सांगायला लाज वाटते, पण मी विचारलं, "म्हणजे हणमंतूला सांगायची गरज नाही?"

सिस्टरनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मान खाली घातली.

"असं म्हटलं का मी? सांगायचंच. त्याच्याशी खोटं वागलास, त्याला खरं सांगायचं. पर तो काय म्हणंल, त्याच्यावर तुझा जीव टांगून ठेवू नकोस. त्याला आधीच लई सोसायचंय. तुला मोकळं करायचं कामही त्याच्याच माथी मारू नकोस."

त्या उठून आत गेल्या. कुणाला तरी इंजेक्शन द्यायचं होतं.

मी बाकावरच बसून राहिलो. दुपारचे तीन वाजले असतील. समोर नळावर बादल्यांची रांग होती आणि नळाला पाणी नव्हतं. मी डोळे मिटले. घरची सवयीची प्रार्थना आठवेना. मग जे होतं तेच म्हणालो: येशू, मी सहा ऐकले आणि सात लिहिले. एका माणसाचा डोळा गेला. मला हे भरून देता येत नाही. घाबरून मी आणखी एक खोटं लिहिणार होतो. मला क्षमा कर आणि तुझ्याजवळ घे.

काही दिसलं नाही. आवाज आला नाही. रडू मात्र आलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही. शेजारून जाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमचं कोन गेलं, बाबा?" कुणी नाही, अशी मी मान हलवली. तीन दिवस पोटात एक घट्ट पीळ बसला होता. जेवताना, बोलताना, सही करताना तो असायचाच. तो सुटला होता. माझी चूक लहान झाली नव्हती. उलट मला ती पहिल्यांदा पूर्ण दिसली, आणि तरीही मला टाकून दिलेलं नाही, हे तितकंच स्पष्ट कळलं. चाळीस वर्षं झाली, यापेक्षा चांगल्या शब्दांत मला ते सांगता आलेलं नाही.

मग मी आत गेलो. हणमंतू जागा होता.

"हणमंतू, मुकादमानं तुला दाखवली ती वही मी लिहिलेली होती."

"हाव."

"आवाज सहाच झाले होते. मी सात लिहिलं."

त्यानं उरलेला डोळा माझ्यावर रोखला. "आईकले सहा?"

"हो. सहा."

"मंग सात का लिवलं?"

"घाई होती. दोन एकदम उडाले असतील, असं धरून चाललो. चूक माझी आहे, तुझी नाही. उद्या तसंच लिहून देणार आहे."

त्यानं भिंतीकडं तोंड केलं. नरसम्मा उठली, मोसंब्यांची पिशवी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"हे घिऊन जावा," ती म्हणाली. "आन्‌ यिऊ नका."

मी पिशवी घेऊन बाहेर आलो. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण पीळ परत बसला नाही. सिस्टर काय म्हणत होत्या ते मला तेव्हा कळलं. हणमंतूनं मला माफ केलं नव्हतं आणि तो त्याचा हक्क होता. माझा विसावा त्याच्यावर टेकलेला नव्हता, म्हणून तो टिकला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रिपोर्ट वाचला. दोनदा वाचला. मग चष्मा काढला.

"हे काय लिहिलंस?"

"जे झालं ते."

"अरे, मी तुला वाचवत होतो."

"कळलं साहेब. उपकार आहेत."

"कुणी लिहायला लावलं? मुकादमानं? युनियननं?"

"कुणी नाही. मला क्षमा मिळाली आहे, साहेब. आता खोटं लिहायला कारण उरलं नाही."

"कुणी केली क्षमा? त्या हणमंतूनं?"

"नाही. येशूनं."

साहेबांनी माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. बाहेर ऊन फार होतं.

"ऊन लागलंय का तुला?" त्यांनी विचारलं. मग शिपायाला पाणी आणायला सांगितलं.

पुढचं सगळं नियमाप्रमाणं झालं. मी सस्पेंड झालो. चौकशी लागली. चौकशी अधिकाऱ्यानंही तेच विचारलं, कुणाच्या दबावाखाली लिहिलं का. मी नाही म्हणालो. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही, पण लिहून घेतलं. माझ्या दोन वेतनवाढी बंद झाल्या आणि बदली नांदेड जिल्ह्यात उमरीला झाली. सस्पेन्शनचे दिवस मी उदगीरला वडिलांजवळ काढले. त्या काळात मला भीती वाटत होती, नोकरीची, लोकांची. सकाळी उठून त्या भीतीसकट प्रार्थना करायचो. जेवण जात होतं, झोप लागत होती.

मजुराची चूक नाही असं ठरल्यामुळं हणमंतूची भरपाई अडली नाही. पुढं त्याच गावात, त्याच विहिरीवर पंप बसला तेव्हा पंपावर त्याला ठेवून घेतलं.

उमरीला असताना एकदा कामानिमित्त उदगीरला गेलो, तेव्हा मुद्दाम त्या गावी वाकडी वाट केली. येऊ नका म्हणाले होते, म्हणून आधी मुकादमाकडून निरोप पाठवला. हणमंतू पंपघराच्या सावलीत बसला होता. विहिरीला पाणी होतं, फार नाही, पण गावापुरतं होतं. त्यानं मला बसायला पोतं दिलं. नरसम्मानं चहा आणला, कप समोर ठेवला आणि आत निघून गेली.

"डोळा तर गेलाच," हणमंतू म्हणाला. "पर माज्यावर आळ न्हाई आला. वडाराला दगुड कळत न्हाई असं कुनी म्हनलं न्हाई." मग पंपाच्या व्हॉल्वबद्दल बोलायला लागला. तो गळत होता. माफ केलं, असं तो त्या दिवशी म्हणाला नाही आणि नंतरही कधी नाही. मी विचारलं नाही. व्हॉल्वचं वॉशर बदलून दिलं आणि निघालो.

मी डेप्युटी इंजिनिअर म्हणून रिटायर झालो, बरोबरच्यांपेक्षा बराच उशिरा त्या खुर्चीवर पोचून. शेवटच्या काही वर्षांत नवीन पोरं कामावर आली की एखादा हा किस्सा कुठून तरी ऐकून यायचा आणि विचारायचा, "साहेब, स्वतःच्या हातानं लिहून देताना भीती नाही वाटली?" वाटली, मी सांगायचो. येशूनं विसावा दिला म्हणून सस्पेन्शनची भीती जात नाही. फरक एवढाच की त्या भीतीला विचारून मी रिपोर्ट लिहिला नाही.