भाऊंचा देश

शिक्का उमटला तो नुसता लाल-पिवळा चिखल. मधला मासा नाही, माड नाही, भोवतीची अक्षरं नाहीत. नागपूरच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं कागद उजेडाकडे धरला, मग नाकाजवळ नेला.

"हे कुंकू आहे का?" त्यानं विचारलं.

"हो," भाऊ म्हणाले.

"साहेब, मी हे कसं घेऊ? ही लग्नपत्रिका वाटते."

काचेच्या पलीकडे बाकावर तिशीची एक परदेशी बाई पिशवी पोटाशी धरून बसली होती. तिचा बाप तिकडे धंतोलीतल्या दवाखान्यात अंगावरच्या नळ्या उपटत होता. बापलेकीच्या मधे हा कागद अडकला होता. आणि शिक्क्याला कुंकू मी लावलं होतं.

भाऊ माझ्या माहेरच्या गावचे, नरखेडकडचे. गावच्या नात्यानं मी त्यांना भाऊ म्हणायचे. त्यांची बायको वारली, माझा नवराही गेलेला होता, तेव्हापासून मी त्यांच्या घरी स्वयंपाकाला होते. त्यांच्या दारावर दोन पाट्या. एकीवर त्यांचं नाव. दुसरीवर मासा आणि माडाचं झाड, खाली 'मानद वाणिज्यदूत'. मी चौथी शिकलेली. पहिल्या दिवशी दारातच उभी राहून जोडाक्षरं जुळवली आणि विचारलं, याचा अर्थ काय.

"मानद म्हणजे पगार नाही," भाऊ म्हणाले. "वाणिज्य म्हणजे व्यापार, तोही नाही. दूत म्हणजे मी."

मला काही कळलं नाही. पुढेही फारसं कळलं नाही. जेवढं कळलं तेवढं सांगते.

भाऊ कोराडीच्या वीजकेंद्रात इंजिनीअर होते. तरुणपणी सरकारनं त्यांना दोन वर्षांसाठी एका बेटावर पाठवलं होतं, तिथं डिझेलवर चालणारं वीजघर उभं करायला. ते बेट म्हणजे एक अख्खा देश. त्याचं नाव मला शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही, म्हणून मी 'भाऊंचा देश' म्हणायचे. इतवारीत सणाच्या बाजाराला जेवढी माणसं असतात तेवढी त्या सगळ्या देशात नाहीत, असं भाऊच सांगायचे. पुढे पुष्कळ वर्षांनी त्या देशाला वाटलं, हिंदुस्थानात आपला एक माणूस असावा. त्यांना नावानिशी माहीत असलेला हिंदुस्थानी माणूस एकच, तो नागपुरात. त्यांनी पत्र पाठवलं. भाऊंना आधी वाटलं कोणी तरी थट्टा करतंय. मग दिल्लीची परवानगी आली आणि लाकडी पेटीतून एक झेंडा आणि एक पितळी शिक्का आला.

त्या देशाच्या मोठ्या दिवशी भाऊ गच्चीवर झेंडा लावायचे. गल्लीतले विचारायचे, ही कोणती पार्टी? महिन्याला एक पत्र तिकडे पाठवायचे. त्यात काय लिहायचे ते एकदा मला वाचून दाखवलं. संत्र्याचा भाव, नागपूरचं ऊन, आणि शेवटी 'येथे आपल्या देशाविषयी सद्भावना आहे'. मी म्हटलं, "भाऊ, इथं त्या देशाचं नाव कोणाले माहीत नाही, सद्भावना कुठून आली?"

"माही आहे ना," ते म्हणाले. "तुही धर. दोन झाल्या."

उत्तर परराष्ट्रमंत्र्याचं यायचं. तोच तिथल्या शाळेचा हेडमास्तर होता. मंत्री शाळेत शिकवतो की मास्तर राज्य चालवतो, हे मी दोनदा विचारलं. भाऊ म्हणाले, "सकाळी शाळा, दुपारी जग."

एकदा जेवताना ते म्हणाले, जगाच्या सभेत त्या देशाचं एक मत आणि आपलंही एकच.

"आपण एवढे, ते तेवढे, तरी एकच?"

"पंगतीत माणूस पाहून पाटाचा आकार बदलते का वं?"

"बदलते," मी म्हणाले. "जावयाचा पाट मोठा असते."

भाऊ वरणात भात कालवत राहिले. मग म्हणाले, "तेच तर सारं भांडण आहे, सुमन."

दिल्लीहून एकदा दोन माणसं आली होती. कुठल्या तरी मोठ्या देशाच्या कचेरीतली, काळे कोट, मे महिन्यात. भाऊंचा देश त्या सभेत कोणाच्या बाजूनं हात वर करणार, हे त्यांना हवं होतं. मी वडाभात केला होता. ते घाम पुसत जेवले, दोनदा कढी मागितली आणि गोड बोलून विचारत राहिले. भाऊ नुसते हसायचे, आणि "पाहू या, वेळ येऊ द्या" म्हणायचे. ती माणसं गेल्यावर मी म्हटलं, "सांगून टाकाचं होतं. काहून लपवलं?"

"मले तरी कुठं माहीत आहे?" भाऊ म्हणाले. "मले माहीत नाही हे त्याइले समजू द्याचं नाही, एवढंच माहं काम."

मला हे काम लबाडीचं वाटलं. तसं मी बोललेही. त्यांनी पान लावून दिलं.

एवढ्या वर्षांत त्या देशाचं एकही माणूस नागपुरात आलं नाही. शिक्का पत्रांवरच उमटायचा. बाकी वेळ तो कपाटात, लाल फडक्यात. खंडेनवमीला मात्र तो देवासमोर यायचा. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. माझी विळी, कात्री, भाऊंचा वीजघरातला जुना पाना, आणि शिक्का. हळद-कुंकू भिजवून मी प्रत्येकाला बोट लावायचे, वर झेंडूचं फूल. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. त्या दिवशी मी भाजीसुद्धा चिरत नाही. हे सगळं घडलं त्या वर्षी शिक्क्याचा मासा फार छान दिसत होता, म्हणून मी बोट लावून थांबले नाही. पालथा घेतला आणि कुंकू सगळ्या खाचांत दाबून भरलं. मासा लाल, माड पिवळा. भाऊ म्हणाले, "वा." हे 'वा' मी विसरलेले नाही. त्यांनीही पाहिलं होतं.

तासाभरात फोन वाजला. विमानतळावरून होता. भलतीकडे जाणारं एक विमान नागपुरात उतरवलं होतं, कारण आत एका म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली. म्हाताऱ्याला रुग्णवाहिकेनं दवाखान्यात नेलं. गडबडीत त्याची मुलगी मागे राहिली. तिच्याकडे आपल्या देशात पाय ठेवायचा कागद नव्हता. ती भाऊंच्या देशाची होती.

अधिकाऱ्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मी आजही म्हणते. असा पासपोर्ट त्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्या देशाच्या माणसानं लेखी द्यावं, शिक्का मारावा, ही बाई आमचीच आणि हिची जबाबदारी माझी. मग तो तिला तात्पुरतं सोडणार होता.

भाऊंनी शिक्का उचलला.

"भाऊ, पूजेतलं हलवत नाहीत," मी म्हणाले.

"एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणाले लागून राहिला, सुमन." धोतराच्या टोकानं त्यांनी शिक्का पुसला. वरवरचं गेलं, खाचांतलं राहिलं. "चाल तूही. तिच्याजवळ बाईमाणूस असलेलं बरं."

अशी मी परराष्ट्राच्या कामाला निघाले, चुलीवरचा भात तसाच ठेवून.

पहिला शिक्का कसा उमटला ते सांगितलं. दुसरा, तिसरा त्याहून वाईट. कुंकवात शाई मिसळली आणि खाचांत लगदा बसला. अधिकारी म्हणाला, मग तुमच्या देशातून कोणाचा तरी फोन येऊ द्या. भाऊंनी मंत्र्याला फोन लावला. पोस्टातल्या बाईनं उचलला. मंत्री होडीतून पलीकडच्या बेटावर गेला होता, तिथं शाळेची परीक्षा होती.

"पंतप्रधान?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"तेच होडी चालवून राहिले," भाऊ म्हणाले. त्यांना हसू आलं नाही. अधिकाऱ्यालाही नाही.

मग दवाखान्यातून डॉक्टरचा फोन आला. म्हातारा कोणाला अंगाला हात लावू देत नव्हता. हाताची सुई ओढून काढली होती, छातीवरच्या तारा उपटत होता. त्याला काही बोललेलं समजत नव्हतं, आणि तो काय ओरडतोय ते त्यांना समजत नव्हतं. लगेच काही केलं नाही तर हातचा जाईल, त्याचं कोणी तरी माणूस आणा, असं डॉक्टर म्हणत होता. मुलीला आत उभ्या उभ्या आमच्या तोंडावरूनच कळलं. ती काचेला दोन्ही तळहात लावून उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं वाटलं असतं.

कागद होईपर्यंत काचेपलीकडे मुलीला फोनही देता येत नव्हता, म्हणून भाऊंनी तिकडचा फोन म्हाताऱ्याच्या कानाला लावायला सांगितला. आणि त्या देशाच्या भाषेत बोलायला लागले. मी ती भाषा त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकली. दोन-तीनच वाक्यं, पुन्हा पुन्हा, मोठ्यानं, मुकादमासारखी. काचेआडून मुलगी ऐकत होती, आणि एकदम तिचं तोंड हसल्यासारखं झालं. मला काही समजेना. बाप मरतोय आणि ही हसते.

नंतर भाऊंनी मला सांगितलं. दोन वर्षांत ते वीजघरातल्या मजुरांशी बोलण्यापुरतंच शिकले होते. त्यांना येत होतं ते एवढंच: तारेला हात लावू नको. जागचा हलू नको. करंट चालू आहे. मी येतो.

म्हातारा थांबला. फोनमधून त्यानं काही तरी विचारलं. भाऊ नुसते "हो, हो" म्हणाले आणि खुर्चीत बसले.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणते, तू तो दिवेवाला का?"

तोवर मी शिक्का घेऊन अलीकडच्या बाकावर बसले होते. बांगडीला अडकवलेली सेफ्टीपिन काढली आणि खाचा कोरायला लागले. पाण्यानं भिजवायचं, कोरायचं, पदराला पुसायचं. भोवतीची अक्षरं इंग्रजी, मला त्यांतलं एकही वाचता येत नाही. पण खाच कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते पिनेला कळतं. तांदळातले खडे काढतो तसं. माशाचा डोळा सगळ्यात अवघड गेला. अधिकारी उठून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "मावशी, शेपटीत राहिलंय." राहिलं होतं. ते काढलं.

चौथा शिक्का स्वच्छ उमटला. मासा, माड, सगळी अक्षरं. अधिकाऱ्यानं पासपोर्टवरच्या माशाशी ताडून पाहिलं, सही केली, आणि दार उघडलं. मुलीनं भाऊंना नमस्कार केला नाही, आभार मानले नाहीत, माझा दंड धरून ती धावत सुटली. मला धावता येत नाही. तरी धावले.

ती पोचली, बापाचा हात धरून बसली, मग डॉक्टरांनी त्यांचं काम केलं. आत काय केलं ते मला माहीत नाही.

माझ्या कुंकवानं पाऊण तास खाल्ला. भाऊ म्हणाले, पुसला मी होता, घाईत. मी म्हणाले, भरलं मी होतं. यावर आमचं कधी एकमत झालं नाही. पूजेतला शिक्का उचलला म्हणून पुढचं झालं की कुंकू भरलं म्हणून झालं, की कशानंच नाही, हेही मला ठरवता आलेलं नाही. विचार करते आणि सोडून देते.

दुसऱ्या दिवशी दसरा. भाऊ दवाखान्यात आपट्याची पानं घेऊन गेले आणि त्या मुलीच्या हातावर ठेवली, म्हणाले, सोनं. तिनं विचारलं, खायचं का? सोनं म्हणून झाडाचं पान का देतात हे भाऊंनी तिला इंग्रजीत बराच वेळ समजावलं. तिला पटलं नाही, पण पानं पासपोर्टात ठेवली. मला तिचं बरोबर वाटलं. आमचंही इतरांना कुठं कळतं.

बापलेक परत गेले आणि थंडीत भाऊ वारले. सकाळी चहा घेऊन गेले तर पत्र अर्धं लिहिलेलं, पेन बोटात. त्यांच्याही छातीत दुखत होतं, हे डॉक्टरांच्या कागदावरून नंतर कळलं. मला सांगितलं नाही. मला माहीत नाही हे मलाच कळू दिलं नाही, असं म्हणा. याचा मला राग आहे.

तिकडून मंत्र्याचं पत्र आलं. माझ्या नातीनं वाचून दाखवलं. भाऊंसाठी त्या देशानं झेंडा अर्ध्यावर उतरवला आणि सगळ्या शाळांना सुट्टी दिली. शाळा एकच आहे, म्हणजे फार अवघड गेलं नसावं. रात्री वीजघर थोडा वेळ बंद ठेवून सगळा देश अंधारात बसला. ज्या माणसानं दिवे लावले त्याच्यासाठी दिवे का विझवायचे, हे मला समजलं नाही. नात म्हणाली, आजी, असू दे.

शिक्का आणि झेंडा मी त्याच लाकडी पेटीत भरून परत पाठवले. पाट्या उतरवल्या. नागपुरात आता त्या देशाचं कोणी नाही.

तो म्हातारा अजून आहे, असं पत्रात होतं. त्याची मुलगी आहे. आणि सद्भावना धरायला इथं मी आहे.