तिकिटावरची उंडी

नाटे गावच्या बंदरावर उंडीचं एक झाड होतं. खंडूने ते लावलं, बकऱ्यांपासून राखलं, वाढवलं. त्याच्या बियांचं कडू तेल काढून गावातल्या कितीतरी होड्यांच्या फळ्या माखल्या. पुढे फायबरच्या होड्या आल्या. तेलाचं काम संपलं, खंडूचंही.

२००२ च्या हिवाळ्यात बर्फाचा ट्रक थेट बंदरावर आणायचं ठरलं. वळायला जागा नव्हती. मच्छीमार सोसायटी बघणारा सदू म्हणाला, "उंडी तोडूया. आता तिचा उपयोग काय?"

त्याच आठवड्यात खंडूच्या मुलाचं, सोहमचं पत्र आलं. तो जहाजावर खलाशी. कुठल्याशा लांबच्या बेटावरून लिहिलं होतं. सून रुचिरा पाकीट घेऊन अंगणात आली.

"मामा, हे तिकीट बघा."

तिकिटावर फुललेलं झाड होतं. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळा झुबका, जाड चकचकीत पान.

"ही तर आपली उंडी!" खंडू म्हणाला.

पाकीट घेऊन खंडू तडक बंदरावर गेला. सदूने डोळे बारीक केले. "चाफा असेल कुठला तरी."

खंडूने झाडाचं फूल तोडून तिकिटाशेजारी धरलं. जाळी तुणणारे वाकून बघू लागले.

"हाय खरी उंडीच," सदू म्हणाला. "पण पोस्टाचा शिक्का बघ, नेमका बुंध्यावर! घाव आधीच बसलाय, खंडूदा."

"घाव बसून पण उभी हाय ना रे?"

हशा पिकला. सदूही हसला. "बरं. पण ट्रक काय तिकिटावर वळवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, ट्रकला वळायला जागा व्हावी म्हणून, खंडू पहार घेऊन झाडासमोरच्या जांभ्याच्या दरडीला भिडला. जागा सोसायटीचीच, पण ती फोडायची कुणाची तयारी नव्हती. जांभ्यावर घाईने घाव घातला तर पहार उडते. दम राखून घातला तर दगड सुटतो. खंडू दम राखून होता. सुटलेला दगड त्याने नुसता फेकला नाही, उताराच्या अंगाला बांध रचत गेला. रुचिरा घमेली उचलू लागली. मग जाळी ठेवून दोघे-चौघे आले. शेवटी सदू आला.

"सरक म्हाताऱ्या," म्हणत त्याने पहार घेतली.

ट्रक आला, तेव्हा मागे येता येता फांदीला लागणार, तोच सदू ओरडला, "अरे ए, बघून! तिकिटावरचं झाड हाय ते!"

ट्रक वळला. खंडू उठून बांधापाशी गेला. चाक बांधाच्या अगदी कडेवरून गेलं होतं. एकही दगड हलला नव्हता.