भरवणारी आत्ती

न खाणारं मूल आत्तीच्या मांडीवर आलं की तोंड उघडायचंच. इचलकरंजीत आम्ही राहतो त्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. सकाळी मागांची खडखड सुरू झाली की कुणीतरी बाई कडेवर रडकं पोर आणि हातात ताटली घेऊन आमच्या दारात उभी राहायची. "आज्जी, बघा की, घासच घेईना." आत्ती पोराला डाव्या मांडीवर टेकवायची, घास आधी स्वतःच्या तोंडाशी नेऊन मोठ्यानं मचमच करायची आणि भिंतीकडं बघत म्हणायची, "मी न्हाय बाबा कुणाला देणार. लई ग्वाड हाय." पोर वाकून तिच्या हाताकडं बघायला लागायचं. पुढचं आपोआप व्हायचं.

ती माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. आमच्या कुरुंदवाडकडं आत्याला आत्तीच म्हणतात. मी अंगावर पीत असतानाच माझी आई गेली आणि वडिलांनी मला उचलून आत्तीच्या ओटीत घातलं. तिचा विजय माझ्याहून थोडाच मोठा. पुढं त्याच्याशीच माझं लग्न झालं, म्हणजे आत्ती माझी सासूही झाली. चारचौघांत मी तिला 'तुम्ही' म्हणायची आणि घरात 'तू'. तिलाही तेच आवडायचं. "घरात सासू हुयाला मला येळ न्हाय," म्हणायची.

माझी एक गोष्ट ती प्रत्येक लग्नात, बारशात, विहारातल्या बायकांत सांगायची. "ही आली तवा काटकी हुती काटकी. दंड माझ्या दोन बोटांत मावायचा. लोकं म्हणाली, ही काय राहत न्हाय. मी भरवून भरवून माणसात आणली." सांगताना माझा दंड धरून वर करायची, बाजारात कोंबडी दाखवतात तशी. मला लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा. आई नसलेल्या पोरीला आपलं म्हणून सांगायला दुसरं काय असतं? माझ्याकडं ती गोष्ट होती. मीही ती मैत्रिणींना सांगायची, आत्तीच्याच शब्दांत.

तिचं बोलणं रोखठोक. केळीवाल्याला म्हणायची, "पावणं, ही केळी हाईत का वाळल्याली बोटं?" तिला पोराचं तोंड बघून काही कळत नसे, ती पोराला उलटं करून कुल्ल्यावर बोटं दाबून बघायची. "मास हितं बसतंय आणि हितनंच आधी जातंय. गाल फसवत्यात." माझी जुळी झाली, सम्यक आणि प्रज्ञा, तेव्हा ती कुरुंदवाडचं घर धाकट्या लेकावर सोडून आमच्याकडं राहायला आली. आल्या आल्या तिनं दोघांनाही असंच उलटं करून बघितलं.

प्रज्ञा जन्मतः लहानच होती. दीड वर्षाची झाली तेव्हा तिला जुलाब लागले आणि त्यात ती पार उतरली. अंगणवाडीच्या ताईंनी तिच्या दंडाला घेर मोजायची पट्टी लावली, तर ती धोक्याच्या लाल रंगावर आली. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, समोर खाऊ घालून बघितलं आणि म्हणाल्या, "भूक लागतेय, हे चांगलं आहे. घरीच खाऊ घालून उठेल ही." मुगाची मऊ खिचडी, वर तेलाची धार, शेंगदाण्याचं कूट, गूळ, अंडं, केळं. थोडं थोडं, पण दिवसभर, पुन्हा पुन्हा. सोबत आलेल्या ताईंनी जाताना बजावलं, "हिची वाटी वेगळी ठेवा. भावाबरोबर एका ताटात नको. हिच्या पोटात किती गेलं ते कळायला पाहिजे."

मी मागाच्या शेडवर सुताच्या कांड्या भरायला जात होते. काम सोडते म्हटल्यावर आत्तीनं मला गप्प केलं. "तू जा. मी हाय की. तुला वाढीवली ती कुणी?" तिनं नवी वाटी आणली. कुरुंदवाडला जाऊन गावठी अंडी घेऊन आली, एसटीत उभं राहावं लागलं तरी अंडी पदरात धरून. शेंगदाणे मंद जाळावर स्वतः भाजायची. मी शेडवरून आले की वाटी घासूनपुसून पालथी घातलेली असायची. "समदं खाल्लं," ती सांगायची. मला वाटायचं, माझ्या लेकीसारखं नशीब कुणाचं नाही.

सम्यक गुटगुटीत होत गेला. प्रज्ञा मात्र होती तिथंच. ताई काट्यावर बघायच्या, पुन्हा बघायच्या. "सगळं खातेय म्हणता ना?" जंताचं औषध झालं. मग कोल्हापूरला मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. तिच्या बारीक हातात शीर सापडेना. नर्स सारखी टोचत होती आणि पोरगी किंचाळत होती. मला बघवेना म्हणून मी तोंड फिरवलं. आत्तीनं तिचा हात धरला, डोकं छातीशी घेतलं. "झालं गं माझी बाय, झालं." तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. रिपोर्टात काहीच निघालं नाही. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं आईच्या दुधातच कस नाही. मी ऐकून घेत होते.

एक दिवस शेडजवळचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि मालकानं दुपारीच सगळ्यांना घरी पाठवलं. आमचं दार लोटलेलं होतं. आत्ती दाराकडं पाठ करून बसली होती. डाव्या मांडीवर प्रज्ञा, समोर सम्यक. "मी न्हाय कुणाला देणार," ती म्हणत होती. तिनं प्रज्ञाला एक घास दिला. दुसरा दिला. पोरीनं पुन्हा आ केला. तिसरा घास सम्यककडं गेला. मग पुढचा, त्याच्या पुढचा. सगळे तिकडंच. प्रज्ञाचं तोंड उघडंच होतं आणि डोळे चमच्यामागनं फिरत होते. ती रडली नाही. तिला सवय झाली होती.

"आत्ती, काय करालीस?"

आत्तीनं वळून बघितलं. दचकली नाही. "लवकर सुटलीस व्हय?"

"तिची वाटी हाय ती."

"मग तिच्याच वाटीत केलंय की. खाल्लं तिनं."

"तोंड उघडं हाय तिचं अजून."

"पोरीचं तोंड उघडंच असतंय. पोरगं सोसत न्हाय गं. जरा कमी पडलं की वाळतंय. पोरगी हरळीगत असती, कुठंबी येती."

मी प्रज्ञाला तिच्या मांडीवरून उचललं. मी म्हटलं, "रगत काढताना हात धरून बसलीवतीस तू तिचा. तुला ठावं हुतं. तरी टोचू दिलंस."

"मग? नात हाय माझी. जीव न्हाय व्हय माझा तिच्यावर?" तिचा आवाज खरंच दुखावल्यासारखा झाला. मग मला जवळ बसवायला हात पुढं करून ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "काय हुईत न्हाय गं तिला. तू बी अशीच वाढलीस की. इज्याचं पोट भरलं की मग तुझं. मेलीस का? बघ, दोन लेकरं झाली तुला."

हे तिनं मला धीर द्यायला सांगितलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच मला सोसेना. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. लग्नालग्नात माझा दंड वर करून दाखवलेला, तो दंड मुळात काटकीसारखा कशामुळं राहिला होता, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आई नव्हती, पण आत्ती होती, एवढ्यावर मी उभी होते. त्या दुपारी माझ्याकडं दोघीही उरल्या नाहीत.

संध्याकाळी विजयला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. घास गिळून त्यानं ताट पुढं सारलं. मग म्हणाला, "मला काय ठावं? मी बी ल्हानच हुतो की." त्याचंही खरं होतं. पण आईशी तो एक शब्द बोलला नाही. "म्हातारी हाय, जाऊ दे," एवढंच.

मी कांड्यांचं काम सोडलं. ताईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता तुम्हीच भरवा. स्वयंपाकघरात घेऊन बसा, दोघीच." मी तसं केलं. तेव्हा कळलं, पोरगी शिकून बसली होती. दोन घास झाले की आपणहून तोंड मिटायची आणि मान वळवून भावाला शोधायची. मी तिला मांडीवर घेऊन भिंतीकडं बघत म्हणायची, "मी न्हाय बाबा कुणाला देणार." मला भरवायची दुसरी रीत येतच नव्हती. तिसऱ्या घासाला ती माझ्याकडं अविश्वासानं बघायची. कितीतरी दिवस असंच चाललं. मग एकदा अंडं संपलं आणि मी वाटी बाजूला ठेवली, तर तिनं वाटीवर हात आपटला आणि भोकाड पसरलं. खाण्यासाठी ती पहिल्यांदाच रडली. गल्लीभर ऐकू गेलं. मी हसत रडत दुसरं अंडं सोलायला घेतलं. बाहेरच्या खोलीतून आत्तीचा आवाज आला, "आता लागली खायाला! मी म्हटलं नव्हतं, काय हुईत न्हाय म्हणून?"

पुढं ताईंची पट्टी पिवळ्यावर आली आणि मग हिरव्यावर. प्रज्ञा चालू लागली, धावू लागली. धावत ती आत्तीकडंच जायची. आत्ती तिला खेळवायची, गाणी म्हणायची, वेण्या घालायची. मी आत्तीला जेवण वाढत होते, औषध देत होते, पाय दुखले तर तेल लावत होते. फक्त घरातही तिला 'तुम्ही' म्हणू लागले. तिच्या ते ध्यानात यायला वेळ लागला नाही. एकदा लसूण सोलता सोलता म्हणाली, "मला परकी केलीस तू." मी म्हटलं, "जेवायला वाढू का तुम्हाला?" तिनं पुन्हा कधी विषय काढला नाही. चूक झाली असंही ती कधी म्हणाली नाही. तिला तसं वाटलंच नसावं.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. दुपारी जरा आडवी होते म्हणाली आणि उठलीच नाही. जलदानविधीला गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या, ज्यांची पोरं तिच्या मांडीवर जेवली त्या. वंदना झाली, चहा फिरू लागला, आणि बायका बोलू लागल्या. "काय हात हुता म्हातारीचा! हिच्या पोरीला मरणाच्या दारातनं वढून आणली तिनं." मी कपबशा घेऊन फिरत होते. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. ते कशाचं होतं, हे त्या बायकांना कसं सांगणार होते?

प्रज्ञा आता शाळेत जाते. ती माझा पदर धरून उभी होती. "मम्मी, आज्जी मला मांडीवर बसवून भरवायची?"

"हो," मी म्हटलं.

"मला जास्त का सम्यकला?"

मी बोलायच्या आत शेजारच्या काकूंनी तिला जवळ ओढलं. "तुलाच की गं बाळा! तू काटकी हुतीस काटकी. आज्जीनं भरवून भरवून माणसात आणली तुला."

प्रज्ञाचा चेहरा उजळला. "सम्यक!" हाक मारत ती बाहेर पळाली. "ए सम्यक, आज्जी मला जास्त भरवायची!"

मला तिला थांबवायचं होतं. नाव ओठांवर आलं होतं. हातातला ट्रे घेऊन मी तशीच उभी राहिले, आणि बाहेर ती भावाला सगळं पुन्हा सांगत होती, आपला दंड वर करून.